उतरलेलं ॲसिड

कारखान्यात कांडीबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच मागं वळून पाहिलं नसतं. मोठ्या साहेबांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना कांडीबाईच म्हणत, आणि हे नाव त्यांना पडलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.

नोकरी त्यांनी मागितलेली नव्हती. नवरा त्या कारखान्यात होता. सळया, पत्रे, जाळ्या अशा लोखंडी मालाला जस्ताचा मुलामा देण्याचा तो कारखाना. मुलाम्याआधी लोखंडावरचा गंज आणि काळी खपली निघावी म्हणून माल हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या हौदात बुडवतात. नवरा त्या हौदांवर कामाला. एका सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला म्हणून तो खाली वाकला आणि उठलाच नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात दोघीच उरल्या. एकतीस वर्षांच्या ह्या, आणि त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी नणंद. नणंदेनं लग्न केलं नव्हतं. घरी बसून ती लोकांचे कपडे शिवायची. कांडीबाई तिला वन्सं म्हणत, आणि वन्संच्या जिभेला सगळी गल्ली वचकून असे.

कारखान्यानं नवऱ्याच्या जागी बायकोला घेतलं खरं, पण हौदावर बाईमाणसाला उभं करायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून ॲसिडचं गोदाम दिलं. मागच्या भिंतीला चिकटलेली लांबट, बसक्या छपराची खोली. एक दार, दोन झरोके, आणि आत रांगेनं मांडलेले पन्नास-पन्नास किलोचे शंभर-सव्वाशे निळे कॅन. तिथं कुणी टिकत नसे. आधीचा गोदामवाला तब्येतीचं कारण सांगून निघाला होता. जाताना त्यानं किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाला, "काम काही नाही हो. आलेला कॅन मोजायचा, गेलेला कॅन मोजायचा. दूध थोडंच आहे नासायला?"

तो चुकत होता. पण हे कळायला एक वर्ष जावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात हौदातून सळया निघाल्या त्या अंगावर काळे डाग घेऊनच. त्यावर जस्त धरेना. गाडीभर माल परत आला. हौदांचे मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा माणूस, तो तडक गोदामात आला आणि त्यानं विचारलं, इथं कुणी ॲसिडमध्ये पाणी घालतं का. कांडीबाईंना हे फार लागलं. त्यांनी सांगितलं, पाण्याच्या नळाला मी हात धुण्यापलीकडे शिवत नाही. पाहिजे तो कॅन उघडून बघा.

मिस्त्रींनी प्रयोगशाळेतून एक काचेची कांडी आणली. खाली जड फुगा, वर बारीक नळी, नळीवर आकडे. उंच भांड्यात ॲसिड ओतून त्यात ती सोडली की उभी तरंगते. ॲसिडला जोर जास्त असेल तर कांडी वर उचलली जाते, जोर कमी असेल तर खाली बसते. चार दिवसांपूर्वी आलेल्या कॅनमध्ये तेहतीस टक्के निघाले. थंडीत आलेल्या कॅनमध्ये एकतीस. अर्धवट वापरून कोपऱ्यात सारलेला एक होता, त्यात सत्तावीस. मिस्त्री आकडे पुटपुटत होते आणि कांडीबाई कॅनवरच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मिस्त्री, जो कॅन जुना, त्याचा आकडा कमी."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. मग कारण सांगितलं. हे ॲसिड म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू. त्याला आत राहवत नाही. उन्हाळ्यात कॅन फुगू नये म्हणून झाकण थोडं सैल ठेवतात, त्या फटीतून तो निघून जातो आणि मागं पाणी राहतं. पुस्तकात त्यांनी हे वाचलं होतं, पण एका कॅनच्या फटीनं गाडीभर माल परत येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून कांडी गोदामात राहिली. कांडीबाईंनी एक जाड वही मागून घेतली. दर सोमवारी दहा कॅन, शिवाय हौदाकडे जाणारा प्रत्येक कॅन त्या मोजू लागल्या. तारीख, कॅन कधी आला, आज किती भरला, आणि शेवटी मिस्त्रींची सही. तो आकडा बघून मिस्त्री हौदात पाणी किती घालायचं ते ठरवत. माल परत यायचा थांबला. शाळा आठवीत सुटलेल्या बाईच्या आकड्यावर कारखाना चालायला लागला, आणि लोकांनी तिला कांडीबाई केलं.

त्यांना त्या कामाची गोडी लागली. एक कॅन रांगेमागं विसरला गेला होता, त्याचं झाकणही हरवलेलं. त्याच्यावर त्यांनी दोन-तीन वर्षं पाळत ठेवली. तो उतरत उतरत विसाच्या आसपास आला आणि तिथंच अडला, पुढं हलेना. फरशी धुवायला म्हणून दहा टक्क्यांचं करून ठेवलेलं एक उघडं पिंप होतं, त्याचा आकडा उलट चढत गेला. मिस्त्रींचा विश्वास बसला नाही. त्यांनी स्वतः कांडी बुडवून पाहिली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, पुस्तकात असंच लिहिलंय, पातळ ॲसिडातून आधी पाणी उडतं; पण मला वाटायचं हे फक्त परीक्षेपुरतं आहे.

गोदामात कांडीबाई एकट्या असत. म्हणजे लोकांच्या हिशोबी एकट्या. त्या तिथं नवऱ्याशी बोलत. घरी ते जमत नव्हतं. दोन खोल्या, मधे पातळ भिंत, पलीकडे वन्सं. गेलेला माणूस जितका ह्यांचा नवरा, तितकाच त्यांचा पाठचा भाऊ. त्यांच्यासमोर रडायचं म्हणजे त्यांच्याही जखमेवरची खपली काढायची. म्हणून घरी कांडीबाई हसून-खेळून असत, आणि गोदामाचं दार ओढून घेतलं की सुरू होत. छप्पर गळतंय. वन्संचे गुडघे दुखतात पण दाखवत नाहीत. आज तुमच्या आवडीचा रंग एका बाईच्या अंगावर पाहिला. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि बोलायचं. नाकाला झोंबायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण ते कशानं येतंय हे विचारायला तिथं होतं कोण?

त्या खोलीत लोखंडाचं काही टिकत नसे. दाराचं कुलूप सहा महिन्यांत गंजून जाम व्हायचं. कात्री, बिजागऱ्या, खुर्चीचे पाय, कपाटाचा तळ, सगळं तपकिरी होऊन झडायचं. वह्यांचं कपाट कोसळलं तेव्हा भरलेल्या वह्या फेकून द्या असं कचेरीनं कळवलं. कांडीबाईंना ते जीवावर आलं. कचेरीला विचारून त्यांनी त्या घरी नेल्या आणि पलंगाखाली रचल्या. पुढंही वही भरली की ती पलंगाखाली जायची.

दातांचं त्यांच्या लक्षात आलं ते नोकरीच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी. वरच्या पुढच्या दातांची कड काचेसारखी पातळ झाली. मग गार पाणी झोंबायला लागलं. मग वर्षामागून वर्षं दात आखूड होत गेले, जणू रोज कुणी कानस फिरवतंय. दुखत फारसं नव्हतं, दिसत होतं. कांडीबाई बोलताना तोंडावर हात घेऊ लागल्या. हसणं बंद झालं. शेजारणी म्हणाल्या, नोकरीची मिजास चढली. वन्संनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं, पण घरी येऊन सरळ हनुवटी धरून म्हणाल्या, "वहिनी, आ कर." आणि बघून झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वन्सं बोलत नाहीत म्हणजे गोष्ट साधी नव्हे.

वन्सं त्यांना ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या, त्यांनी पुष्कळ विचारलं. लिंबं चोखता का, आंबट फार खाता का, उलट्यांचा त्रास आहे का. शेवटी, काम काय करता. काम ऐकल्यावर त्यांनी आरसा खाली ठेवला. ॲसिडच्या वाफेनं असं होतं, त्या म्हणाल्या, आणि ओठांनी झाकले न जाणारे दात आधी जातात. मग त्यांनी विचारलं, "कामात तुमचं तोंड मिटलेलं असतं की बोलत असता?"

"तिथं मी एकटीच असते," कांडीबाई म्हणाल्या. हे खरं होतं, पण प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कारखान्याला चिठ्ठी दिली. महिन्याभरानं सुरक्षा अधिकाऱ्यांचं उत्तर आलं. कॅन झाकणबंद असतात, गोदामातली हवा तपासली, दोष आढळला नाही, आहाराकडे लक्ष द्यावं. हवा तपासली होती हे खरं. थंडीतल्या एका सकाळी, दार सताड उघडं टाकून. कांडीबाईंनी कागदाची घडी घातली. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. ज्या कारखान्यानं पडत्या काळात हात दिला, त्याच्यावर दात काय धरायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ. वन्संना त्यांनी एवढंच सांगितलं, आणि वन्सं म्हणाल्या, "ओठ आहेत अजून. दात कुठं आहेत?"

गोष्ट तिथंच मिटली असती. पण निवृत्तीच्या चार महिने आधी कांडीबाईंच्या हाताखाली नवी गोदामवाली दिली गेली. बांधणी विभागातून आली होती, पस्तिशीची, दोन मुलींची आई. हुशार होती, दोन दिवसांत कांडी वाचायला शिकली. आणि ती गायची. कॅन सरकवताना, वही लिहिताना, मोठ्यानं, तोंड भरून गायची. तिचे दात पांढरेशुभ्र होते. कांडीबाई स्टुलावर बसून ते दात बघत राहायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला म्हटलं, कामात गाऊ नकोस. ती म्हणाली, न गाता मला झोप येते. त्या रात्री त्यांना अन्न गेलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी पलंगाखालच्या वह्या ओढून काढल्या. विसावर होत्या. वन्संनी मशीन बाजूला सारलं, चष्मा लावला आणि मांडी घालून समोर बसल्या. मापं घेण्यात आणि हिशोबात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कांडीबाई आकडे वाचत, वन्सं कागदावर मांडत. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेला कॅन तेहतीसचा, उन्हाळा संपताना एकतीसचा. दरवर्षी, न चुकता. पन्नास किलोच्या कॅनमध्ये तेहतीसाचे एकतीस व्हायला किती वायू निघून गेला असेल, ते वन्संनी दोनदा काढलं आणि तिसऱ्यांदा पडताळून पाहिलं. कॅनमागं दीड किलोच्या आसपास. शंभर कॅनचं दीडशे किलो.

"आणि हे फक्त एका उन्हाळ्याचं," वन्सं म्हणाल्या. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "त्या डॉक्टरीणबाई बोलण्याचं काय विचारत होत्या गं? तू तिथं कुणाशी बोलतेस?"

खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. कांडीबाईंनी मान खाली घालून सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं.

वन्संनी चष्मा काढला. तो पुसत पुसत म्हणाल्या, "तू तिथं बोलायचीस. आणि मी इथं मशीन जोरात चालवायचे. तुला माझं ऐकू जाऊ नये म्हणून."

कांडीबाईंनी हातातली वही मिटली. मग वन्संनीच पेन्सिल उचलली. म्हणाल्या, वाच पुढं.

कांडीबाईंनी वेळ मागून घेतली आणि बैठक मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, सुरक्षा अधिकारी, आणि गोदामाचा जाणकार म्हणून मिस्त्री. कांडीबाईंनी टेबलावर वह्या ठेवल्या. साहेबांनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. तोंडावर हात न घेता बोलायचं असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. पहिल्या वाक्याला हात आपसूक वर गेला. त्यांनी तो खाली आणला आणि टेबलाची कड धरली.

"साहेब, कॅन येतात तेव्हा तेहतीस असतात. उन्हाळा संपतो तेव्हा एकतीस. सांडलं नाही, कुणी नेलं नाही, हौदात गेलं नाही. शंभर कॅनमधून दीडशे किलो कमी होतं. झाकणं बंद आहेत असं आपण लिहून दिलंत. मग ते जातं कुठं?"

सुरक्षा अधिकारी म्हणाले, गरम ॲसिडात कांडी खाली बसते; उन्हाळ्यातला आकडा कमी दिसणारच, तो मोजणीतला दोष आहे. प्रश्न वावगा नव्हता. कांडीबाईंनी वही उघडून एक रकाना दाखवला. मोजायच्या आधी भांडं गार पाण्याच्या बादलीत ठेवून त्या दर वेळी एकाच तापमानाला आणत, आणि ते तापमान लिहीत. हे मिस्त्रींनीच शिकवलं होतं.

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींचा मुलगा याच कचेरीत, दोन खोल्या पलीकडे बसत होता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतं? मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. कांडीबाईंना वाटलं, हा माणूस आता मूग गिळून बसणार, आणि तरी त्यांना त्याचा राग काही येईना.

"प्रत्येक ओळीवर माझी सही आहे," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्षं मी बाईंच्या आकड्यावर हौद चालवलेत. आकडा खोटा असेल तर मी काढलेला सगळा माल खोटा. माल तर पास झालाय." मग ते म्हणाले, "ते ॲसिड त्या खोलीतच जातं साहेब. कुलपं बघा."

साहेबांनी वह्या ठेवून घेतल्या. कांडीबाई बाहेर आल्या. पाणपोईच्या नळाशी त्या टेकल्या आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

तीन महिन्यांत गोदाम हललं. आवाराच्या टोकाला, वस्तीपासून दूर, फक्त छप्पर असलेली चारी बाजूंनी मोकळी जागा केली. पुरवठा करणाऱ्याला सांगून कॅन उन्हाळाभराचे न ठेवता आठ-पंधरा दिवसांपुरतेच मागवायला लागले. वही-कांडीचं टेबल लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला गेलं. दातांबद्दल मात्र कारखान्यानं अवाक्षर लिहून दिलं नाही. कामाच्या सोयीसाठी बदल, असं परिपत्रकात छापलं. नवी गोदामवाली तिथं बसून गात असे. कांडीबाईंनी शेवटचा आठवडा तिच्याजवळ त्या टेबलाशी काढला आणि निवृत्त झाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खुंटांवर टोप्या बसवल्या. पहिले पंधरा दिवस त्यांना स्वतःचंच बोलणं परकं वाटे, आणि वन्सं त्यांना मुद्दाम अवघड शब्द म्हणायला लावत.

पावसाळा उलटल्यावर एका संध्याकाळी मिस्त्री घरी आले. तेही त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. वन्संनी चहा आणि पाव पुढं ठेवला. त्यांनी चहा घेतला, पावाला हात लावला नाही. वन्संनी आग्रह केला तेव्हा ते म्हणाले, जमत नाही. आणि मग, काही विचारायच्या आत, त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड वळवलं आणि वरची कवळी काढून रुमालात घेतली.

"सगळे गेलेत," ते म्हणाले. शब्द फुसफुसत बाहेर पडत होते. "हौदावर गोदामापेक्षा वाईट. बारा वर्षं झाली. घरी सांगितलं, तंबाखूनं गेले. मी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही."

कांडीबाईंनी विचारलं, त्या दिवशी साहेबांसमोर हे का नाही बोललात. मिस्त्री म्हणाले, सहीचं बोलायला धीर आला, तोंडाचं बोलायला लाज वाटली. तुम्ही हात खाली घेतलात ते मी बघत होतो. हौदावर अजून सहा-सात जण आहेत असे. सगळे ओठ मिटून हसतात.

वन्सं आत गेल्या, दुधात पाव कुस्करून वाटी घेऊन आल्या आणि मिस्त्रींच्या हातात दिली. त्यांनी ती संपवली.

पुढच्या शनिवारी कांडीबाई त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाकावर शेजारी बसल्या. आतून हाक आली तेव्हा मिस्त्री उठेनात, म्हणून त्याही त्यांच्याबरोबर आत गेल्या. काम काय करत होता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मिस्त्रींनी एकदा कांडीबाईंकडे पाहिलं आणि सांगितलं, "ॲसिडच्या हौदावर होतो. चौतीस वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. त्यानंतरच्या शनिवारी हौदावरचे दोघे आले, मग आणखी तिघे. हौदांवर वाफ ओढून घेणारे पंखे बसायला पुढं दोन वर्षं लागली. ते बसले तेव्हा वन्सं नव्हत्या. कांडीबाई एकट्याच ते बघायला गेल्या होत्या. फाटकावर नवा रखवालदार होता. त्यानं नाव विचारलं तेव्हा त्या क्षणभर अडखळल्या, आणि मग त्यांनी आपलं खरं नाव सांगितलं.